पुराच्या रेघेवर एक वीत

माझी आणि माझ्या वडिलांची खरी ओळख झाली तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि ती ओळख आठ महिने टिकली. त्याआधी ते आमच्याकडे पाहुण्यासारखे यायचे. दोन वर्षांतून एकदा, दोन महिन्यांसाठी. आमच्या वाडीतली बाकीची पोरं आपापल्या बापाला अरेतुरे करायची. मी मात्र बाबांना ‘तुम्ही’ म्हणायचो, कारण घरी येणाऱ्या परक्या माणसाला तसंच म्हणायचं असतं हे मला आईनंच शिकवलं होतं. ते आले की घरात साबणाचा वेगळाच वास भरायचा, आई उगाच हळू बोलायला लागायची, आणि मी त्यांच्यासमोर पुस्तक उघडून बसायचो. न वाचता. ते मला विचारायचे, ‘अभ्यास बरा हाय?’ मी म्हणायचो, ‘हो.’ एवढ्या भांडवलावर आमचं नातं वीस वर्षं चाललं.

ते सौदीत होते म्हणजे जेद्द्याला किंवा दम्मामला, माणसांत होते, असं नव्हे. रियाधपासून गाडीनं पाच तासांवर हरणांसाठी राखलेलं एक मोठं माळरान होतं. चहूबाजूंनी तारेचं कुंपण, मध्ये खडकाळ टेकड्या, आणि त्या टेकड्यांतून निघालेल्या वाद्या. वादी म्हणजे कोरडी नदी. वर्षाचे तीनशेसाठ दिवस तिच्यात वाळू आणि गोटे असतात, काठानं बाभळीसारखी काटेरी झाडं असतात, आणि उरलेल्या चार-पाच दिवसांत काय असतं ते मी पुढं सांगणारच आहे. बाबा तिथल्या कुंपणाच्या तारा, पंप आणि जनरेटर सांभाळायचे. तिथल्या मुदीरानं, म्हणजे आमच्या साहेबानं, हरणं मोजायला आपोआप फोटो काढणारे आठ कॅमेरे मागवले, आणि बाबांनी भीत भीत त्याला सांगितलं की माझा मुलगा टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतो, कॅमेरेही करील. मी तेव्हा राजापूरच्या बाजारपेठेत एका दुकानात कामाला होतो. तीन महिन्यांत व्हिसा आला.

तिथलं आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली होती. दोन खाटा, एक शेगडी, एक कपाट, आणि भिंतीत अडकवलेला एसी. तो सुरू असला की बोललेलं ऐकू यायचं नाही आणि बंद केला की बोलण्याची ताकद राहायची नाही. वारा सुटला की वाळू पत्र्यावर चाळणीतून रवा पडल्यासारखी सरसर वाजायची. जनरेटरचा आवाज तर इतका सतत असायचा की तो बंद पडला तरच कानावर यायचा, आणि मग बाबा जेवत असले तरी हात धुऊन उठायचे. कॅम्पवर इतर माणसं होती, सुदानी, बंगाली, दोघे पठाण, पण त्यांच्या खोल्या कुंपणाच्या मोठ्या फाटकापाशी होत्या. आम्ही पंपाजवळ, एकटे. पहिल्या आठवड्यात मी बाबांना किती प्रश्न विचारले ते आठवून आता हसू येतं. तुम्हाला इथं कंटाळा नाही का येत? सुट्टीच्या दिवशी काय करता? आईची आठवण येते का? शेवटचा प्रश्न विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या खिशात हात घातला होता. मग म्हणाले, ‘भात उतरव. करपंल.’

स्वयंपाक तेच करायचे, आणि मला हात लावू द्यायचे नाहीत. सकाळी डब्यातल्या दाट दुधाचा लालभडक चहा आणि कालचा खुबूस, म्हणजे तिथली रोटी, तव्यावर फुलवून. दुपारी भात आणि कुळथाची पिठी. कुळथाचं पीठ आईनं शिवून दिलेल्या कापडी पिशवीत होतं आणि त्यातलं ते चमच्यानं मोजून काढायचे. शुक्रवारी सुकट. सुकट भाजायला ते शेगडी उचलून बाहेर वाऱ्याच्या दिशेनं नेऊन ठेवायचे, वास पठाणांकडे जाऊ नये म्हणून. पठाण अर्धा मैल लांब होते. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मला आधी तो अपमान वाटला. मग कळलं की इतकी वर्षं त्यांच्यासमोर जेवायला कुणी नव्हतंच, तोंड कुठं करायचं हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. तिसऱ्या महिन्यात एकदा ते जेवता जेवता माझ्या बाजूला वळले आणि ‘मीठ पुरे हाय?’ असं विचारलं. एवढीशी गोष्ट. आज माझी मुलं जेवताना फोनमध्ये डोकं घालून बसतात तेव्हा मी ओरडतो, आणि त्यांना वाटतं म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय.

आता कॅमेऱ्यांचं. राखाडी रंगाचा जाड डबा, आत साधा रोलचा कॅमेरा, आणि पुढं लालसर काचेचा एक डोळा. अंगात ऊब असलेलं काहीही त्या डोळ्यासमोरून गेलं की खटका पडायचा. छत्तीस फोटो झाले की रोल काढायचा, रियाधला अल मलाझमधल्या एका स्टुडिओत धुवायला द्यायचा. महिन्यातून एकदा बाबा आणि मी सामानाच्या गाडीतून जायचो, रोल देऊन तिथल्याच बूथवरून घरी फोन लावायचो. आई आधी माझ्याशी बोलायची, मग मी रिसीव्हर बाबांना द्यायचो. ते ‘हां, हां, बरं’ असं तीनदा म्हणून ठेवून द्यायचे आणि परतीच्या पाच तासांत एक शब्द बोलायचे नाहीत.

कॅमेरे वादीत लावायचे कारण हरणं तिथंच उतरायची. सावली तिथं, शेंगा तिथं, आणि एखादी सर येऊन गेली तर खडकांच्या खोबणीत आठ-दहा दिवस पाणीही तिथंच. ही हरणं आपल्या समजुतीपेक्षा लहान असतात, जेमतेम माझ्या गुडघ्याच्या वर त्यांचा खांदा. बाबांनी मला पहिल्याच दिवशी बांधायची रीत दाखवली. शिडी लावून, डोक्याच्या वर दोन हात. डबा झाडाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी जिकडून येतं त्याच्या पाठीमागे, बुंध्याच्या आडोशाला. पट्टा होताच, वर कुंपणाच्या तारेचे तीन वेढे. आणि डब्याच्या मागं लाकडाची पाचर ठोकून त्याचं तोंड खाली झुकवायचं. मी म्हटलं, ‘बाबा, इथं वाळूत घाम जिरायला वेळ लागत नाही, आणि तुम्ही पुराचं काय घेऊन बसलात?’ ते शिडीवरून उतरले, हात झटकले आणि म्हणाले, ‘मी बघितलाय.’ पुढं काही नाही. त्यांच्याकडून गोष्ट ऐकायची म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

पहिल्या महिन्याचे फोटो आले आणि मुदीर वैतागला. सगळ्या पाठीच पाठी. वरून घेतलेल्या तपकिरी पाठी आणि सावल्या. नर कोण, मादी कोण, पाडस आईला बिलगलंय की तो दगड आहे, काही कळेना. तो इजिप्तचा होता, स्वभावानं वाईट नव्हता, पण त्याला वरच्या कचेरीत पाडसांचा आकडा द्यायचा होता. त्यानं फोटो माझ्यासमोर टाकले. ‘तू टेक्निशियन आहेस ना?’ त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. टेक्निशियन म्हणून मला त्याआधी कुणी हाक मारली नव्हती.

आणि पुराचं म्हणाल तर मी राजापूरचा. आमच्या बाजारपेठेत दर पावसाळ्यात अर्जुना नदीचं पाणी शिरतं, आणि आम्हाला त्याची रीतसर सवय असते. पाणी पहिल्या पायरीला लागलं की खालचं सामान फळीवर, तिसरीला लागलं की पोटमाळ्यावर, आणि मालक शेवटी चहा पिऊन कुलूप लावणार. आमच्या दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक मोठ्या पुराची चिखलाची रेघ होती. मालकाचा नियम होता: सगळ्यात वरची रेघ बघायची, तिच्यावर एक वीत सोडायची, आणि तिथं फळी ठोकायची. त्या फळीवरचा एकही टीव्ही माझ्या काळात भिजला नाही. मला वाटत होतं, या जगात पुराबद्दल जाणून घ्यायचं ते मला दुकानातच कळलंय.

बाबा उत्तरेकडच्या पंपावर चार दिवसांसाठी गेले होते. मी वादीत हिंडून रेघा शोधल्या. सापडल्याही. काठाच्या झाडांवर, खडकांवर, सगळीकडे एकाच उंचीवर वाळलेल्या चिखलाची पुसट रेघ, माझ्या नडगीइतकी. मी तिच्यावर चांगली एक वीत सोडली आणि आठांपैकी सहा कॅमेरे हरणाच्या छातीइतक्या उंचीवर आणले. दोन झाडांचे बुंधे खाली दुभंगलेले होते, तिथं पट्टा बसेना, म्हणून ते बाबांनी बांधले होते तसेच राहिले.

बाबा आले, बघितलं, आणि वाकून त्या रेघेवरून बोट फिरवलं. ‘ही कुनाची रेघ?’ मी मोठ्या तोऱ्यात दुकानाचा नियम सांगितला. ते म्हणाले, ‘थांबलेल्या पान्याची रेघ असते रे. हितं पानी थांबत न्हाय. ही मागच्या बारक्या पानलोटाची हाय, डबक्याची. मोठं येतं ते रेघ मारायला थांबत न्हाय.’ माझ्या आठवणीत ते त्यांचं माझ्याशी झालेलं सगळ्यात मोठं भाषण. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, ‘बाबा, तुम्ही तारा सांभाळा. हे माझं काम आहे.’ ते ‘बरं’ म्हणाले. पुढच्या रोलचे फोटो आले ते असे की मुदीरानं चार मोठे करून कचेरीत लावले. पाण्याला तोंड लावलेली मादी, ओल्या नाकपुड्या, आणि तिच्या पोटाखाली उभं पाडस, थेट आपल्याकडे बघणारं. मुदीरानं सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. बाबा दाराशी उभे होते. त्यांना ते कॅमेरे पुन्हा वर चढवायला सांगायचं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, पण माझं कौतुक त्यांना मोडवेना. संध्याकाळी त्यांनी आठवड्याचा मधला दिवस असून सुकट भाजली.

त्यानंतरचा महिना चांगला गेला. माझ्या त्या आठ महिन्यांतला सगळ्यात चांगला. ते थोडं बोलायला लागले होते. हरीण शिंकल्यासारखा आवाज करतं तेव्हा ते घाबरलेलं असतं हे त्यांनी मला ऐकवून दाखवलं. मी लहान असताना एकदा तापानं फणफणलो होतो आणि त्याचं पत्र त्यांना मी बरा झाल्यावर दीड महिन्यानं मिळालं, ते वाचून ते तापाच्या गोळ्या घ्यायला गाडीनं निघाले होते आणि अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं, हेही त्यांनी सांगितलं. सांगून स्वतःच हसले. मला वाटायला लागलं होतं की अजून एक वर्ष असंच गेलं तर मी त्यांना ‘तू’ म्हणू शकेन.

त्या दिवशी आभाळ निळंशार होतं. आम्ही दुपारी रोल काढायला वादीत उतरलो. तीन कॅमेरे झाले, चौथ्याचा पट्टा मी सोडत होतो, आणि बाबा अचानक मान वर करून उभे राहिले. मलाही वास आला. ओल्या मातीचा. मला बरं वाटलं, घरची आठवण झाली, आणि मी तसं म्हणालोही. बाबा म्हणाले, ‘वर चल.’ मी म्हटलं, ‘एवढा डबा सोडवतो.’ आमच्याकडे पाऊस डोक्यावर पडतो, तो पडतो म्हणून नदी चढते, आणि ती पायरी पायरीनं चढते. डोक्यावर ऊन असताना घाई कशाची? बाबांनी माझी कॉलर धरली. अठ्ठावन्न वर्षांचा, गुडघे धरलेला माणूस, त्यानं मला दरडीवरून फरफटत वर नेलं. माझा शर्ट काखेत फाटला. मी चिडून वळलो तेव्हा दूर कुठंतरी रेती भरलेला ट्रक घाटात उतरतोय असा आवाज येत होता, आणि मग वळणावरून ते आलं. पाणी नव्हतंच आधी. काटक्या, फेस, शेणकुटं, एक मेलेली शेळी, आणि त्याच्यामागं तांबडं पाणी, छातीभर. माझा चौथा कॅमेरा एकदाच डावीकडे झुकला आणि दिसेनासा झाला. तासाभरानं सगळं ओसरलं. कुठंही रेघ नव्हती. लांबच्या डोंगरांत सकाळी पाऊस झाला होता म्हणे. आमच्याकडे थेंबही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मुदीर स्वतः आला. खालचे सहाही गेले होते. वरचे दोन जिथल्या तिथं, तारेचे वेढेसुद्धा हलले नव्हते. तो त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मूर्ख नव्हता तो. मग आम्हा दोघांना कचेरीत बोलावलं. भिंतीवर माझं पाडस होतं. त्यानं विचारलं, बाकीचे खाली कुणी आणले?

मी तोंड उघडणार होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं म्हणजे मी जमिनीकडे बघत होतो आणि माझा इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, अजून कच्चा आहे, परत गेलो तर वाडीत काय तोंड दाखवायचं, याचा विचार करत होतो. बाबा म्हणाले, ‘अना.’ मी. एवढाच शब्द. मुदीरानं पुन्हा विचारलं, एकोणीस वर्षं इथं काढून तुला ही वादी कळली नाही? बाबा म्हणाले, ‘चूक झाली.’ आणि ते गप्प उभे राहिले. मला आठवतंय, ते बराच वेळ गप्प उभे राहिले. मुदीरानं एकदा माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्यानं समोरचा कागद ओढला आणि म्हणाला, ‘खलास.’ त्या माळरानावर पाण्यातलं कळणारा एकच माणूस होता, आणि माझ्यादेखत त्यानं जाणत्याचं ते नावही खाली ठेवलं.

दहा दिवसांत त्यांचे कागद झाले. त्या दहा दिवसांत ते मला पिठी करायला शिकवत होते, पाणी किती, कोकम कधी. मी मान हलवत होतो. गाडी आली तेव्हा त्यांनी शेगडीचा कॉक बंद आहे का ते बघितलं आणि पुढच्या सीटवर बसले. मी खिडकीपाशी उभा राहिलो. त्यांनी काच खाली केली, काहीतरी बोलतील म्हणून मी वाकलो, तर म्हणाले, ‘धूळ येतेय, तू आत जा.’ गाडी गेल्यावर मी आत आलो, एसी बंद केला आणि त्यांच्या खाटेवर बसलो. इतका एकटा मी पुन्हा कधी झालो नाही, आणि त्यानंतर मी आखातात आणखी अठरा वर्षं काढली.

मी स्वतःची समजूत अशी घातली होती: बापानं लेकराचं पोट वाचवलं. हा विचार दुःखाचा असला तरी त्याच्या आधारानं दिवस ढकलता येतात. मी नवे कॅमेरे दोन हात वर बांधत राहिलो आणि महिन्याला बूथवरून घरी फोन करत राहिलो. आता आई रिसीव्हर बाबांकडे द्यायची आणि ते मला ‘हां, हां, बरं’ म्हणायचे.

दोन वर्षांनी मी पहिल्या सुट्टीवर घरी गेलो. बाबा वाकले होते. परसातला दगडी गडगा एका बाजूनं ढासळला होता, तो ते पुन्हा रचत होते. मी चिरे उचलून देऊ लागलो. चौथ्या-पाचव्या चिऱ्याला मी म्हटलं, ‘बाबा, त्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी नोकरी घालवलीत. मी बोलायला हवं होतं.’

ते चिरा बसवत होते. तो नीट बसेना म्हणून त्यांनी काढला, फिरवून पुन्हा बसवला.

‘तुझ्यासाठी न्हाय रे,’ ते म्हणाले. ‘मना वाटलं, तू मधी बोलशील. म्हनशील, ह्यांनी न्हाय, मी केलं. मग त्यानं दोगांनाबी घालवलं असतं, तुला चुकीसाठी, मना खोट्यासाठी. एकदम घरी आलो असतो.’ मग हात पुढं करून म्हणाले, ‘दे तो.’

मी चिरा दिला. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. ते कचेरीत इतका वेळ गप्प का उभे होते ते मला तेव्हा कळलं. ते माझी वाट बघत होते.

आईनं पडवीतून जेवायला हाक मारली. बाबांनी हात झटकले आणि विचारलं, ‘सुट्टी किती हाय तुझी?’

‘दीड महिना.’

‘बरीच हाय,’ ते म्हणाले.